जुन्नरचे टाके आणि मस्जिदीचा हौज

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते आणि तलवारी उभ्या राहतात. जुन्नरचा इतिहासही असाच सांगितला जातो. सातवाहनांची ही बाजारपेठ. पुढे बहमनींचे ठाणे. 1490 साली मलिक अहमदने येथेच स्वातंत्र्य पुकारले आणि निजामशाहीचा पाया घातला. 1630 साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. हे सारे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण राज्यांच्या या उलथापालथीखाली जुन्नरचा आणखी एक इतिहास आहे. तो पाण्याचा, दगडाचा आणि काटकसरीचा आहे. त्यात पराभूत कोणी नाही, म्हणून बखरकारांना त्याची गरज भासली नसावी.

आम्हाला मात्र तो आज सांगावासा वाटतो. त्याला दोन कारणे आहेत. मराठी मुसलमानाला अधूनमधून विचारले जाते, 'तुम्ही या मातीचे कसे?' या प्रश्नाला जुन्नरच्या पाण्याने दिलेले उत्तर फार जुने आहे. दुसरे कारण घरातले आहे. पर्यावरण हा शब्द आता शाळेच्या पुस्तकापासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. आपल्या मोहल्ल्यात मात्र तो परका वाटतो, जणू हे कुणा शिकलेल्या शहरी माणसाचे खूळ आहे. वस्तुतः तो आपल्या वजूच्या पाण्याइतका घरचा आहे. ते आपण विसरलो आहोत.

यवनाने दिलेली दोन टाकी

कोकणातल्या बंदरांतून वर देशावर येणारा व्यापारी नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. जुन्नरच्या भोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी क्वचितच आढळतात. या लेण्यांतले शिलालेख वाचले तर एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, 'पोढी'. पोढी म्हणजे पाण्याचे टाके.

मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दान केल्याची नोंद आहे. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात इरिल नावाचा यवन दोन पोढी दान देतो. या घटनेला सुमारे दोन हजार वर्षे झाली. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेला परका माणूस. पुढे हाच शब्द मराठीत आम्हा मुसलमानांसाठी वापरला गेला, आणि तो फारसा प्रेमाने वापरला गेला असे नाही. म्हणून इरिलचे आम्हाला विशेष वाटते. तो कोठून आला, त्याची भाषा कोणती, मेल्यावर त्याला कोठे ठेवले, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या लेखातून नक्की कळत नाही. राहिले ते एवढेच की त्याने या डोंगरात दोन टाकी खोदवली आणि वाटसरूंची व भिक्खूंची तहान भागवली. जुन्नरने त्याचे नाव दगडावर जपले.

ही टाकी खोदण्यामागे मोठी समज होती. सह्याद्रीचा काळा बसाल्ट दगड घट्ट असतो, पण त्यात भेगाही असतात. भेग नसलेला थर हेरून तेथेच टाके खोदावे लागते. वरच्या उतारावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी आत वळवायचे, तोंड शक्यतो लहान ठेवायचे आणि आत पोकळी मोठी करायची. ऊन आत शिरले नाही की पाणी उडून जात नाही आणि शेवाळही कमी धरते. पंप नाही, नळ नाही, इंधन नाही. पाऊस आणि उतार या दोहोंवर सारा कारभार.

चार महिने पाणी, आठ महिने वाट

इ.स. 1470 च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकण्यासाठी बहमनी राज्यात आला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. त्याने आपल्या टिपणात लिहून ठेवले आहे की येथे चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असतो. जुन्नरच्या अधिकाऱ्याने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याचा आग्रह धरला. एका खुरासानी मुसलमानाने, ख्वाजा मुहंमदाने, मध्ये पडून त्याला सोडवले. हा प्रसंग आम्ही लपवू इच्छित नाही. त्यात दोन्ही प्रकारचे मुसलमान आहेत. येथील सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यातली माणसे अतिशय हलाखीत जगतात, हेही निकितिनने नोंदवले आहे. तेव्हा सुलतानी काळ म्हणजे सुवर्णयुग, असे म्हणण्याचा मोह आपण टाळलेला बरा. किल्ल्यावरची टाकी ज्यांच्या हातांनी फोडली त्या पाथरवटांची आणि बिगाऱ्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

पण पावसाबद्दल निकितिनने लिहिले ते शंभर टक्के खरे. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. पूर्वेला आणे पठाराकडे गेले की पावसाळ्यातही आभाळाकडे पाहात बसावे लागते. चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवायचे, हा या प्रदेशाचा मूळ प्रश्न. येथे जो कोणी सत्तेवर आला त्याला तो सोडवावा लागला.

शिवनेरीवर याचे उत्तर जागोजाग दिसते. गंगा-जमुना ही जिवंत पाण्याची टाकी आजही गडावर येणारा प्रत्येक जण पाहतो. बदामी तलाव आहे. कातळातली टाकी तर किती तरी आहेत. गडांवर टाके खोदताना निघालेला दगड तेथेच तटाला आणि इमारतीला लावण्याची पद्धत होती. त्यामुळे एकाच कष्टात पाणीही मिळे आणि भिंतही उभी राही. याच गडावर कमानी मस्जिद आहे. दोन मिनारांना जोडणारी तिची उंच कमान खालूनही नजरेत भरते, आणि मस्जिदीला लागूनच पाण्याचे टाके आहे. नमाजाची जागा आणि पाण्याची जागा येथे एकत्रच योजलेली आहे. बौद्ध लेण्यांची पोढी आणि मस्जिदीचे टाके एकाच डोंगरावर, एकाच कातळात, एकाच विद्येने खोदलेले आहे. धर्म बदलले, पाथरवटाची छिन्नी तीच राहिली.

निजामशाहीच्या पडत्या काळात मलिक अंबरने काही काळ जुन्नरहून राज्याचा गाडा हाकला. या हबशी वजीराने पुढे खडकी वसवली, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने डोंगराकडचे भूगर्भातले पाणी उताराने शहरात आणले. तीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस 1626 साली मरण पावला. त्याच्या लढाया अभ्यासकांपुरत्या उरल्या आहेत. नहरीचे नाव मात्र त्या शहरात आजही घरोघर माहीत आहे. इरिलच्या रांगेत आम्ही त्याला बसवतो ते यामुळेच.

दहा हात लांब, दहा हात रुंद

आता मस्जिदीच्या हौजाकडे वळू. मराठीतला 'हौद' आणि मस्जिदीतला 'हौज' हे दोन शब्द नाहीत. मूळ अरबी शब्द एकच, उच्चार तेवढे दोन. 1868 साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा त्यांनी जो शब्द उच्चारला, तोच आपल्या अंगणातला.

हनफी फिकहमध्ये 'दह दर दह' अशी एक संज्ञा आहे. दहा हात लांब आणि दहा हात रुंद असलेला हौज मोठ्या पाण्यात धरला जातो. किरकोळ काही पडल्याने तो नापाक होत नाही, आणि त्यावर सर्वांनी वजू करावी. आपल्या कोकणातील शाफई बांधवांकडे 'कुल्लतैन' हे वेगळे माप आहे. वरवर पाहता हा केवळ मसल्याचा विषय. पण गवंड्याच्या दृष्टीने पाहिले तर हा बांधकामाचा नियम आहे. मस्जिद बांधायची तर आधी एवढे पाणी साठवण्याची सोय करा, असे तो सांगतो. त्यामुळे शेकडो वर्षे गावोगावच्या मस्जिदीत पाण्याचा एक साठा आपोआप तयार होत गेला. हौजाभोवतीच्या नालीतून वाहणारे वजूचे पाणी अंगणातल्या झाडांकडे वळवणेही सोपे असे. उन्हाळ्यात त्या पाण्यावरून येणारी झुळूक सहनात गारवा आणी. पंख्याशिवाय जोहरची नमाज होत होती ती अशी.

यामागे शिकवण आहे ती इस्राफची, म्हणजे उधळपट्टीच्या मनाईची. खा, प्या, पण उधळू नका, असा कुरआन शरीफचा स्पष्ट आदेश आहे. हजरत पैगंबर (स.) एका मुदभर पाण्यात वजू आणि एक साअ पाण्यात, फार तर पाच मुद पाण्यात, गुस्ल करीत, असे बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहांत आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटरच्या आसपास. चार मुदांचा एक साअ. वाहत्या नदीकाठी बसलो तरी वजूत पाणी उधळू नये, अशी हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. आणि हजरत साद बिन उबादा यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावे कोणते दान करू असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले ते पाण्याचे. त्यांनी विहीर खोदली. सदका-ए-जारियाचे आपण नेहमी देतो ते उदाहरण हेच.

चुना, हिरडा आणि कारवी

जुन्नरजवळ हापूसबागेत सौदागर घुमट नावाची देखणी कबर-इमारत आहे. कडक उन्हातून आत पाऊल टाकले की अंगावर गारवा येतो. दगडाच्या जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश पितात आणि आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. उंच घुमटात गरम हवा वर चढते. माणूस खाली गारव्यात उभा राहतो.

असे दगड जोडले जात ते चुन्याने. बैलाच्या घाणीत चुना आणि वाळू मळली जाई. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असे जिन्नस त्यात घालण्याची जुनी रीत होती. हिरडा तर आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याचे धनच आहे. येथील महादेव कोळी कुटुंबांच्या घरखर्चाला आजही बाळहिरड्याचा आधार असतो. चुन्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चुनखडी भाजताना कर्बवायू बाहेर पडतो, पण भिंतीत बसलेला चुना घट्ट होताना हवेतला काही कर्बवायू परत शोषून घेतो. सिमेंटची भट्टी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याची त्याहून बऱ्याच कमी तापमानावर चालते. शिवाय चुन्यातले दगड सुटे करून पुन्हा वापरता येतात. सिमेंटची भिंत पाडली की उरतो तो राडारोडा.

घाटाकडच्या वाड्यांवरची घरे याहूनही साधी. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, उतरते छप्पर. दर पावसाळ्यापूर्वी डागडुजी आणि मोडले तर सारे पुन्हा मातीत. हे दारिद्र्याचे गोडवे गाणे नव्हे. गळक्या घरात राहणाऱ्या बाईला पक्के घर हवे असते आणि तो तिचा हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच की त्या घरातली समज नव्या घरातही यावी.

चिंध्यांचा कागद

जुन्नरच्या मुसलमानांचा एक हुन्नर आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. तो कागदाचा. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता आणि पेशवाईच्या दफ्तरातही तो वापरला जाई. तो बनवणारे कागदी हे मुसलमान कारागीर. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा जुन्नरहून आलेल्या अशा कागद्यांची वस्ती म्हणून ओळखला जातो.

या कागदासाठी झाड तोडावे लागत नसे. फाटकी गोणपाटे, जुने दोर, चिंध्या, रद्दी हाच कच्चा माल. तो बारीक तोडायचा, चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, पायाने चालणाऱ्या ढेगीखाली कुटायचा आणि नदीवर नेऊन धुवायचा. असे अनेकदा झाले की लगदा तयार होई. मग तो पाण्याच्या हौदात ढवळायचा, लाकडी चौकटीवर बारीक काड्यांची जाळी ठेवून पाण्यातून अलगद उचलायचा आणि त्या जाळीवर कागदाचा पातळ पापुद्रा झेलायचा. ओला कागद भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घरातली माणसे आणि मुलेसुद्धा या कामात असत. ज्या गोणपाटातून धान्य आले त्याच गोणपाटावर पुढे सारा लिहिला जाई.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा मोडला. गांधीजींनी 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला तेव्हा हातकागदाला पुन्हा थोडे बळ मिळाले. पुण्यात 1940 साली हातकागद संस्था उभी राहिली. पण मोहल्ल्यातल्या ढेग्या बहुतेक थंडच राहिल्या. आज टाकाऊपासून टिकाऊ अशी प्रदर्शने भरतात तेव्हा आम्हाला या कागद्यांची आठवण होते. त्यांनी हे काम पोटासाठी केले, त्याला कोणतेही मोठे नाव दिले नाही.

बुडालेले आंबेगाव, गाडलेले माळीण

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात याच प्रश्नाची आजची बाजू दिसते. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतांना मिळाले, पिके उभी राहिली. हे नाकारता येत नाही. पण ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते आदिवासी वर डोंगराच्या उतारावर सरकले. त्यांच्यासोबत कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने काम केले. सर्वांनी मिळून एकमेकांच्या उतारावर भातखाचरे बांधायची, या 'पडकई' नावाच्या जुन्या रीतीला त्यांनी बळ दिले. जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला.

आणि 30 जुलै 2014 च्या सकाळी याच तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. अतिवृष्टीने डोंगरउतारावरची माती पाण्याने भरून गेली होती, हे तात्कालिक कारण. उतारावर यंत्रे फिरवून जमीन सपाट केल्याने धोका वाढला का, यावर बरीच चर्चा झाली. एकमत झाले नाही, पण गावकऱ्यांच्या मनात एक धडा पक्का बसला. डोंगराच्या कलाने घर आणि शेत बसवायचे असते. हाताच्या पडकईला हे उमजत होते, घाईत आलेल्या यंत्राला उमजेलच असे नाही. 2017 साली माळीणचे नव्या जागी पुनर्वसन झाले.

याच डोंगरांत आहुप्यासारख्या गावांनी देवराया राखल्या आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कोणी कुऱ्हाड घेऊन जात नाही. आपल्या परंपरेत 'हिमा' म्हणजे राखीव कुरण आणि 'हरीम' म्हणजे विहिरीभोवती मोकळी ठेवायची जागा, असे शब्द आहेत. ते पुस्तकात राहिले. महादेव कोळ्यांनी ते न वाचता आचरणात आणले. श्रद्धेची भाषा वेगळी, पण पाण्याच्या उगमापाशी हात आखडता घ्यावा ही अक्कल एकच.

आता आपले

आता आपल्या दाराशी येऊ. गेल्या काही दशकांत गावोगावच्या मस्जिदींचे नूतनीकरण झाले. समाजाने पै पै जमवून ते केले, त्यामागची भावना मोलाची आहे. पण या कामात अनेक ठिकाणी जुना हौज बुजवला गेला, त्यावर फरशी आली आणि भिंतीला नळांची रांग लागली. नळांसाठी बोअर आली, बोअरसाठी मोटर. सहनातले झाड 'कचरा पडतो' म्हणून तुटले. पत्र्याखाली आणि स्लॅबखाली गरमी वाढली, म्हणून पंखे वाढले, विजेचे बिल वाढले. मग जुम्याला चंद्याचे आवाहनही वाढले.

कोणीही आपल्या मस्जिदीत नळाखाली बादली ठेवून एका वजूचे पाणी मोजून पाहावे. नळ सोडून ठेवला तर ते मुदाच्या किती पट होते ते कळेल. एका वक्ताला शंभर नमाजी येत असतील तर दिवसाच्या पाचशे वजू झाल्या. प्रत्येक वजूत तीनच लिटर वाचवले तरी रोजचे दीड हजार लिटर. जेथे बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात तेथे हा हिशेब दीनचाच आहे.

करायचे काय, ते अवघड नाही. छपराचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडावे. वजूचे पाणी गटाराऐवजी झाडांना द्यावे. नवे बांधकाम करताना भिंतीत वर झरोके आणि खाली खिडक्या ठेवाव्यात. जुने दगड भंगारात न देता पुन्हा लावावेत. घरातही हेच. आणि या सर्वांत स्त्रियांना विचारावे, कारण पाणी भरणाऱ्या त्या आहेत. मस्जिदीच्या कमिटीत मात्र त्यांची खुर्ची अजून क्वचितच दिसते.

सर्वांत आधी एक करावे. तुमच्या गावात जुनी मस्जिद पाडून नवी उभारण्याचा ठराव येणार असेल, तर ठरावापूर्वी हौजाचे माप घ्या. त्यात पाणी कोठून येत होते, जादा पाणी कोठे जात होते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. ती माणसे आहेत तोवरच हे कळेल. हौज बुजला असेल तर उकरून पाहा. बहुधा आत दगड शाबूत असतील. साफ केला तर येत्या पावसाळ्यात तो भरेल.